औषध घातलं तरी तीन आठवड्यांनी गोचीड परत येतात : मुंबईच्या घरात गळती कुठे शोधायची

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. कुत्र्याच्या मानेवर औषधाचे थेंब टाकले, दोन दिवसांत गोचीड गळून पडले, घर फिनाईलनं पुसून काढलं. तीन आठवडे शांततेत गेले आणि मग कानाच्या पाळीत पुन्हा चार-पाच दिसले. लगेच औषध बनावट असल्याचा संशय येतो. दुसरं औषध आणलं जातं, पुन्हा तीन आठवडे बरे जातात आणि चक्र चालूच राहतं.

औषध बहुधा बरोबरच असतं. काय झालं ते 'तीन आठवडे' या मुदतीवरूनच कळतं. औषध घालण्याआधी पोट भरून खाली उतरलेल्या एखाद्या मादीनं घरातल्याच फटीत अंडी घातली होती आणि ती आता फुटली. कुत्र्यावर दिसतात ते गोचीड एकूण संख्येतले थोडेच असतात. बाकीचे चौकटीत, माळ्यावर, दिवाणाच्या खाली असतात, म्हणून नुसत्या कुत्र्यावर उपचार करून घर गोचीडमुक्त होत नाही.

हा गोचीड घरातच का राहतो

मुंबईत कुत्र्यांवर सर्रास सापडतो तो तपकिरी, एकरंगी गोचीड. त्याचं शास्त्रीय नाव रायपिसेफॅलस सँग्विनियस. उष्ण प्रदेशातल्या वाणाला अलीकडे रायपिसेफॅलस लिनीआय असं वेगळं नावही दिलं जातं. हा कीटक नव्हे, कोळी आणि विंचू यांच्या कुळातला आहे. बहुतेक जातींच्या गोचिडांना गवत आणि झुडपं लागतात, याला लागत नाहीत. कोरडी भिंत, लाकडाची फट आणि जवळ एक कुत्रा एवढ्यावर त्याच्या पिढ्यान् पिढ्या सिमेंटच्या घरात निघतात. आपल्याकडे थंडी अशी पडतच नाही, त्यामुळे त्याचं प्रजनन बाराही महिने चालू राहतं.

आयुष्यात तो तीनदा जेवतो आणि दर वेळी जेवण झालं की कुत्र्यावरून खाली उतरतो. सगळं कोडं इथे आहे. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू कुत्र्यावर चढतं, साधारण तीन ते सात दिवस रक्त पितं, गळून पडतं आणि फटीत जाऊन कात टाकतं. आता त्याला आठ पाय असतात. पुन्हा चढायचं, चार ते दहा दिवस प्यायचं, उतरायचं, कात टाकायची. मग प्रौढ होऊन तिसऱ्यांदा चढायचं. मादी एक ते तीन आठवडे चिकटून राहते आणि एरंडाच्या बीएवढी फुगते, राखाडी-हिरवट, गुळगुळीत. तिचं वजन शंभरपट होऊ शकतं. मग ती उतरते आणि फट शोधते. चार-पाच दिवसांनी अंडी घालायला लागते, हजार ते चार हजार, आणि मरते. मुंबईच्या उकाड्यात ही अंडी साधारण तीन आठवड्यांत फुटतात. अंड्यापासून अंड्यापर्यंतचा फेरा दोन ते अडीच महिन्यांत पुरा होतो, म्हणजे वर्षाला चार पिढ्या सहज.

याच्या दोन सवयी लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांवर अवलंबून आहे. पहिली, पोट भरलेला गोचीड वरच्या दिशेनं चढतो. लादीवर उतरलेली मादी भिंत धरून दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, पडद्याच्या पेल्मेटमध्ये किंवा माळ्याच्या फळीखाली पोहोचते. दुसरी, उपाशी राहण्याची त्याची ताकद अफाट आहे. पिल्लं महिनोन्महिने आणि प्रौढ अनुकूल जागी वर्षभरही अन्नाविना जगतात. मे महिन्यात घर बंद करून गावाला गेलात आणि कुत्र्यालाही नेलंत, तरी परत येईपर्यंत ते मेलेले नसतात, वाट पाहत असतात.

कुठली अवस्था सापडते ते आधी पाहा

नुसतं 'टिक्स झालेत' म्हणून औषध बदलू नका. सापडलेला गोचीड पांढऱ्या कागदावर ठेवा, मोबाईलच्या कॅमेऱ्यानं मोठा करून बघा आणि पाय मोजा.

मोहरीपेक्षाही लहान, सहा पायांचे, डझनांनी एकाच जागी, बहुतेक पोटावर, कानामागे किंवा पाठीच्या केसांत दिसले तर घरात किंवा घराला लागून अंड्यांचा पुंजका फुटला आहे. ही पिल्लं फार लांब चालत जात नाहीत. कुत्रा रोज जिथे झोपतो तिथून पाच-सहा फुटांच्या आत त्यांचा उगम शोधायचा. बाहेर फिरायला नेल्यामुळे हे झालं असं मानून गळ्यातला पट्टा बदलण्यात पैसे घालवू नका.

चपटे, भुकेले प्रौढ, एक-दोनच, तेही बोटांच्या बेचक्यात किंवा कानाच्या कडेला, आणि फिरून आल्याच्या दिवशीच दिसले तर ते बाहेरून येत आहेत. जिना, वॉचमनची केबिन, पार्किंग, कुत्र्यांचा नेहमीचा कोपरा तपासा. घर अजून बहुधा स्वच्छ आहे आणि ते तसं राखायला हीच वेळ सर्वांत सोपी.

फुगलेली मादी भिंतीवर चढताना किंवा लादीवर सापडली तर ही सर्वांत वाईट खूण. तिचं जेवण पूर्ण झालं, म्हणजे कुत्र्यावरचं औषध काम करत नाही किंवा त्याची मुदत संपली आहे. मादीला पूर्ण फुगायला आठवडाभर तरी लागतो. एवढ्या दिवसांत औषधानं तिला मारायलाच हवं होतं.

कुत्र्याच्या कातडीवर चपटा, सुकलेला, पाय आत वळलेला गोचीड सापडला आणि बोटाच्या हलक्या घासण्यानं सुटला तर औषध नीट चालू आहे. तोंडावाटे द्यायच्या गोळ्या गोचिडाला पळवून लावत नाहीत. त्यानं चावल्यावरच विष त्याच्या पोटात जातं आणि साधारण एक-दोन दिवसांत तो मरतो. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे लोक चालू असलेली चांगली गोळी बंद करतात, हे आम्हाला वारंवार दिसतं आणि दर वेळी वाईट वाटतं.

पायांवर पांढरट-पिवळे आडवे पट्टे असलेला मोठा, चपळ गोचीड दिसला तर तो हायलोमा गटातला, गुरांचा. आरे किंवा जोगेश्वरीच्या तबेल्यांच्या बाजूला फिरवून आणलेल्या कुत्र्यावर असा एखादा सापडू शकतो. तो फ्लॅटमध्ये वस्ती करत नाही. काढून टाकला की विषय संपला. फक्त उघड्या हातानं चिरडू नका, कारण क्रिमियन-काँगो ताप पसरवणारा तोच, आणि त्या तापाची भारतातली पहिली खात्रीशीर लागण 2011 साली गुजरातमध्ये आढळली.

रात्री टॉर्च घेऊन घर पाहा

दिवसा फटीत बसलेले गोचीड दिसत नाहीत. रात्री अकरानंतर दिवे घालवा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून, आडव्या उजेडात फिरवा. बारीकसा उंचवटाही सावली टाकतो. स्कर्टिंग जिथे भिंतीला मिळतं ती रेघ, दाराच्या चौकटीचा वरचा कोपरा, सरकत्या खिडकीची खाच, एसीच्या पाईपचं भोक, स्विचबोर्डची कड, पीओपीचा सांधा, भिंतीवरच्या तसबिरींची मागची बाजू, देव्हाऱ्याची पाठ, सनमायका उचकटलेल्या कपाटाची कड, दिवाणाच्या फळीचा खालचा भाग, सोफ्याखालचं काळं अस्तर हे सगळं पाहा. चाळीत राहत असाल तर लाकडी खांब, जिन्याच्या पायऱ्यांची खालची बाजू आणि माळा सोडू नका.

अंड्यांचा पुंजका ओळखायला शिका. खसखशीच्या दाण्याएवढी, गडद तपकिरी, चकाकणारी अंडी, एकमेकांना चिकटून हरभऱ्याच्या डाळीएवढा ढीग, आणि शेजारी वाळकी, सुरकुतलेली मेलेली मादी. टॉर्चच्या उजेडात तो ढीग ओलसर मधासारखा चमकतो. झाडूनं उडवू नका. रुंद चिकटपट्टी त्यावर दाबा, उचला, घडी घाला आणि स्पिरिटच्या बाटलीत टाका.

काही सापडलं नाही तर रुंद चिकटपट्टीचा चिकट भाग बाहेर ठेवून ती कुत्र्याच्या अंथरुणाभोवतीच्या भिंतीवर, लादीपासून चार बोटं वर, आडवी लावा. चौकटीच्या दोन्ही बाजूंनाही लावा. सात दिवस रोज सकाळी पट्टीवरचे गोचीड मोजून कागदावर लिहा. कुठल्या पट्टीवर जास्त आहेत यावरून फवारणी कुठून सुरू करायची ते ठरतं, आणि उपचारानंतर आकडा उतरतो की नाही हेही त्यावरूनच कळतं.

कुत्र्यावरचा उपचार कुठे फसतो

थेंबांच्या औषधांत बहुधा फिप्रोनिल असतं. ते त्वचेवरच्या तेलकट थरातून पसरतं. आदल्या दिवशी शांपूनं खसाखसा आंघोळ घातली तर तो थरच धुतला जातो आणि औषध पसरत नाही. थेंबांच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. केस बाजूला सारून कातडी दिसेपर्यंत भांग पाडा आणि थेंब कातडीवर सोडा. केसांवर सोडलेलं औषध उशीला लागतं, गोचिडाला नाही. मोठ्या कुत्र्याची नळी दोन छोट्या कुत्र्यांत वाटू नका, मात्रा अंदाजानं विभागली जाते.

फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सॅरोलानर या गटातल्या चघळायच्या गोळ्या आमच्या मते शहरातल्या फ्लॅटसाठी जास्त भरवशाच्या, कारण आंघोळ आणि पावसाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. अफॉक्सोलानर आणि सॅरोलानर महिन्याला, फ्लुरालानर साधारण 12 आठवड्यांनी. फ्लुरालानर भरल्या पोटी द्यायची, उपाशीपोटी नीट शोषली जात नाही. दिल्यावर दोन तास कुत्र्यावर लक्ष ठेवा, उलटून टाकली असेल तर डॉक्टरांना लगेच विचारा. कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर या गटातली कुठलीही गोळी देण्याआधी डॉक्टरांना सांगणं भाग आहे.

नेहमीच्या चुका आणखी तीन. महिन्याची गोळी पगार झाल्यावर, पंचेचाळीसाव्या दिवशी दिली जाते, आणि मधल्या पंधरा दिवसांत एक मादी फुगून उतरते. पिल्लू वाढत असतं, पण गोळी तीन महिन्यांपूर्वीच्या वजनाची असते. लॅब्रॅडॉरच्या पिल्लाचं वजन दर वेळी करूनच मात्रा ठरवावी. आणि घरात दोन जनावरं असताना एकावरच उपचार होतो. मांजर असेल तर जास्त जपा. कुत्र्यासाठीच्या परमेथ्रिनच्या थेंबांनी मांजर मरू शकतं, नुसतं कुत्र्याला चाटल्यामुळेही.

अमिट्राझच्या द्रावणानं आंघोळ घालण्याची पद्धत अजून आहे, स्वस्त आहे आणि योग्य केली तर चालते. 12.5 टक्के द्रावणातलं 4 मिली 1 लिटर पाण्यात मिसळलं की 0.05 टक्के होतं. यापेक्षा घट्ट करू नका, आणि तुमच्या कुत्र्याला किती ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. अंग पुसायचं नाही, पंख्याखाली सुकवायचं, सुकेपर्यंत चाटू द्यायचं नाही. हे हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून करावं. मांजर, लहान पिल्लं आणि मधुमेही कुत्रा यांना अमिट्राझ अजिबात नको. कुत्रा सुस्त झाला, लडखडायला लागला तर द्रावण भरपूर पाण्यानं धुऊन थेट दवाखाना गाठा.

गुरांसाठीचं डेल्टामेथ्रिन अंदाजे पातळ करून कुत्र्याला चोळणं, रॉकेल लावणं, ओळखीच्या माणसाकडून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देऊन घेणं हे तिन्ही बंद करा. कोली जातीच्या आणि तिच्या संकरातल्या कुत्र्यांत आयव्हरमेक्टिन मेंदूत शिरून जीवघेणं ठरतं, आणि गोचिडांवर त्याचा भरवसाही नाही.

एक सल्ला उलटा वाटेल. घरात पेस्ट कंट्रोल चालू असताना कुत्र्याला महिनाभर नातेवाइकांकडे पाठवू नका. औषध दिलेला कुत्रा हाच तुमचा सर्वांत चांगला सापळा आहे. फटीतून बाहेर येणारा प्रत्येक भुकेला गोचीड त्याच्यावर चढतो आणि मरतो. कुत्रा घरात नसेल तर ते उपाशी राहतात, आणि उकाड्यात माणसाला चावण्याकडे त्यांचा कल वाढतो. फवारणी सुकेपर्यंत तेवढं त्याला बाहेर ठेवा, मग परत आणा.

घर : क्रम चुकला तर पैसे वाया

आधी शोषा, मग फवारा, मग फटी बुजवा. लोक नेमकं उलटं करतात. फटी बुजवून टाकतात आणि नंतर लादीवर फवारणी करून घेतात.

व्हॅक्युम क्लीनरची अरुंद नळी लावून वर सांगितलेली प्रत्येक फट ओढून घ्या. पिशवीचं तोंड लगेच बांधून ती घराबाहेर टाका. पिशवी नसलेलं मशीन असेल तर डबा साबणाच्या पाण्यात रिकामा करा. कुत्र्याचं अंथरूण, गादीचे अभ्रे, सोफ्याच्या खोळी 60 अंशांच्या पाण्यात धुवा. नुसत्या थंड पाण्यानं ते मरत नाहीत. जुनी, फाटकी, कापूस बाहेर आलेली गादी सरळ फेकून द्या.

फवारणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, पण त्याला काय करायचं ते तुम्ही सांगा. झुरळांची जेल इथे निरुपयोगी आहे, कारण गोचीड रक्ताशिवाय काही खात नाही. बोरिक पावडरही त्याच कारणानं निरुपयोगी. खोलीत धूर सोडणारी डबी फटीत पोहोचत नाही. हवी ती फटींत आणि भिंतींवर बसणारी, मागे अंश सोडणारी फवारणी, बहुधा डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा लॅम्डा-सायहॅलोथ्रिनची, लेबलावरच्या प्रमाणात. स्कर्टिंगपासून सुरू करून चौकटीभोवती वरपर्यंत आणि छताच्या कडेपर्यंत जायला सांगा. नुसती लादी ओली करून जाणाऱ्याला थांबवा. माशांची टाकी झाकून तिचा हवेचा पंप बंद करा. मांजर आणि पक्षी दिवसभरासाठी दुसरीकडे ठेवा.

आणि यानंतर मुंबईच्या घरात हमखास होणारी गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे फिनाईल टाकून लादी पुसली जाते, भिंतीला घासून, कोपऱ्यांसकट. सगळा अंश बादलीत. काम करणाऱ्या ताईंना आधीच सांगून ठेवा की भिंतीलगतची वीतभर जागा दोन आठवडे पुसायची नाही. वाटल्यास तिथे खडूनं रेघ ओढा. फिनाईलनं गोचीड मरत नाही, अंडी तर नाहीच.

अंड्यांवर फवारणीचाही भरवसा धरू नका. म्हणून एकाच फवारणीवर थांबलात तर तीन आठवड्यांनी तुम्ही पुन्हा इथेच याल. दुसरी फवारणी पहिलीनंतर 15 ते 21 दिवसांनी, तिसरी त्यानंतर तेवढ्याच दिवसांनी. तिसरी झाल्यावर फटी पांढऱ्या सिमेंटनं, पुट्टीनं किंवा सिलिकॉननं बुजवा. तोपर्यंत उघड्या राहू द्या, औषध आत जायला वाट हवी.

तीन नीट फवारण्या होऊनही पट्टीवरचा आकडा उतरत नसेल तर त्या गटातल्या औषधाला गोचीड दाद देत नसतील. पायरेथ्रॉइडला, म्हणजे वर सांगितलेल्या डेल्टामेथ्रिनसारख्या औषधांच्या गटाला, सरावलेले गोचीड असतात. प्रमाण वाढवू नका, गट बदलायला सांगा.

सोसायटी आणि जिना

घर स्वच्छ असूनही प्रौढ गोचीड येतच असतील तर इमारतीतले कुत्रे आणि त्यांच्या झोपायच्या जागा पाहा. वॉचमनच्या केबिनमधलं पोतं, जिन्याखालचं भंगार, मीटरच्या खोलीचं लाकडी दार इथे मोठ्या वस्त्या असतात. कुत्र्यांना हाकलून काही साधत नाही. रिकाम्या जागी दुसरे येतात, त्यांच्या अंगावरचे घेऊन. त्यांना रोज खाऊ घालणारी माणसं प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांच्या हातून, डॉक्टरांनी वजन पाहून ठरवलेली फ्लुरालानरची गोळी खाण्यात मिसळून दर 12 आठवड्यांनी दिली तर वर्षाला चार-पाच गोळ्यांत एका कुत्र्याचा बंदोबस्त होतो. एका कुत्र्याला एकच गोळी गेली याची नोंद ठेवा. मेंटेनन्समधून यासाठी थोडी रक्कम काढणं हे दरमहा जिन्यात फवारण्यापेक्षा स्वस्त पडतं.

चिकटलेला गोचीड काढताना

टोकदार चिमटा घ्या. गोचिडाला कातडीच्या अगदी लगत, तोंडाजवळ पकडा, पोटाला नाही. सरळ वर, एकसारखा, सावकाश जोर लावा. तो तोंडाभोवती सिमेंटसारखा चिकट पदार्थ सोडून बसलेला असतो, सुटायला काही सेकंद लागतात. पिळू नका, गरगर फिरवू नका. खोबरेल तेल, नेलपॉलिश, पेटती काडी, रॉकेल यांनी तो गुदमरत बसतो आणि तेवढ्यात आणखी लाळ आत सोडू शकतो. जंतू त्या लाळेतच असतात. काढलेला गोचीड स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाका आणि बाटलीवर तारीख लिहा. नखांमध्ये चिरडण्याची सवय सोडा. सोंडेचा तुकडा आत राहिला तर कोरून काढू नका, कातडी तो आपोआप बाहेर ढकलते.

ताप : कुत्र्याचा आणि माणसाचा

मुंबईत ज्याला सरसकट 'टिक फीवर' म्हणतात ते एक दुखणं नाही, आणि परत परत येणाऱ्या तापाचं कारण अनेकदा हेच असतं. एहर्लिकिया कॅनिस हा जिवाणू पांढऱ्या पेशींत शिरतो. बबेसिया हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो. त्यातला बबेसिया गिब्सोनाय पॅटन यांनी 1910 साली मद्रासमधल्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात पहिल्यांदा नोंदवला. हा आपल्याच भूमीवरचा जुना शत्रू. हेपॅटोझून हा आणखी एक परजीवी, तो तर गोचीड चावून नाही, कुत्र्यानं गोचीड गिळल्यामुळे होतो.

एहर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण 28 दिवस चालतं. पाचव्या दिवशी कुत्रा जेवायला लागतो आणि गोळ्या बंद होतात. जिवाणू दबून राहतो आणि महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतो. बबेसिया गिब्सोनाय नुसत्या डॉक्सिसायक्लिननं जातच नाही, त्याला वेगळी औषधं लागतात. त्यामुळे दुसऱ्यांदा 'टिक फीवर' झाला तर मागचीच गोळी आणू नका, रक्तातला जंतू थेट शोधणारी पीसीआर तपासणी मागा. झटपट किट प्रतिपिंडं शोधतं, पहिल्या आठवड्यात ते निगेटिव्ह येऊ शकतं आणि बरं झाल्यावरही महिनोन्महिने पॉझिटिव्ह राहू शकतं.

कुत्र्याचं तापमान गुदद्वारात मोजा. 101 ते 102.5 फॅरनहाइट नेहमीचं, 103 च्या वर ताप. हिरड्या पांढुरक्या, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके, नाकातून रक्त, चहासारखी लघवी यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन त्याला देऊ नका. प्लेटलेट उतरलेल्या कुत्र्यात आयबुप्रोफेननं रक्तस्राव वाढतो, आणि पॅरासिटामॉल कुत्र्याला विषारी ठरू शकते. पपईच्या पानांचा अर्क मूळ औषधाची जागा घेत नाही.

माणसाला हाच गोचीड चावतो तेव्हा बहुतेक वेळा लाल गाठ येऊन विषय संपतो. पण रिकेट्सिया कोनोराय या जिवाणूमुळे 'इंडियन टिक टायफस' होऊ शकतो. साधारण आठवड्यात ताप, जोराची डोकेदुखी, अंगदुखी, मग तळहात-तळपायांवरही येणारं पुरळ, आणि काही जणांत चाव्याच्या जागी काळी खपली. पावसाळ्यात मुंबईत हे डेंग्यू, मलेरिया, लेप्टोच्या गर्दीत हरवतं. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह येऊनही ताप उतरत नसेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा की घरात कुत्रा आहे आणि अमुक तारखेला गोचीड काढला होता. त्या बाटलीवरची तारीख इथे कामाला येते. औषध तेच, डॉक्सिसायक्लिन, वेळेत सुरू झालं तर फार प्रभावी, पण ते डॉक्टरांनी द्यायचं.

परदेशी मजकूर वाचून लाईम रोगाची भीती बाळगणारे बरेच असतात. तो इक्सोडीस गटातल्या गोचिडांमुळे होतो, घरातल्या या तपकिरी गोचिडामुळे नाही. माकडतापाचंही तसंच. तो 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला, 2016 पासून सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे त्याचे रुग्ण सापडले, आणि तो जंगलातल्या हिमाफायसॅलिस गोचिडांमुळे होतो. मुंबईच्या फ्लॅटमध्ये त्याचा धोका नाही. पण काजूच्या हंगामात त्या भागातल्या गावी जाणाऱ्यांनी बागेत आणि रानात पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पायमोज्यांत पँट खोचावी, परतल्यावर अंग तपासावं आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावं.

कधी थांबायचं

गोचीड दिसेनासे झाले म्हणून नाही. भिंतीवरची चिकटपट्टी आणि कुत्र्याचं अंग या दोन्हींवर शेवटचा जिवंत गोचीड ज्या दिवशी सापडला, ती तारीख लिहा. तिथून 12 आठवडे एकही नाही तर घरातला एक पूर्ण फेरा रिकामा गेला. मधे एक जरी सापडला तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. पट्ट्या आणि फवारण्या त्यानंतर बंद करायला हरकत नाही. कुत्र्याची गोळी मात्र वर्षभर, तारखेला तारीख धरून चालू ठेवा, कारण जिन्यातून वर येणारा पुढचा भुकेला गोचीड तुमचं कॅलेंडर पाहून येत नाही.